पाण्याचा स्वभाव

पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, असे आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. एखाद्या माणसाची ओळख करून देताना तो उंच नाही, बुटका नाही, गोरा नाही, काळा नाही, एवढेच सांगून थांबावे, तशातली ही ओळख झाली! पाण्यात काय नाही हे आपणास ठाऊक आहे. पण पाण्यात असे काय आहे की ज्यावाचून गवताच्या पात्यापासून माणसापर्यंत कोणालाही जगता येऊ नये, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. आज वाचकांच्या सोबतीने तो थोडा करावा असे मनात आहे.

ह्या विचाराला निमित्त झाले ते बडोद्याचे. काही कामासाठी तेथे थोडे दिवस राहण्याचा योग आला आणि उतरण्याची सोय स्टेशनाजवळच्या सयाजीगंज भागात झाली. हा भाग गजबजलेला आहे. एका बाजूस रेल्वे, जवळच महाराजा सयाजीराव विद्यापीठाची जुनी घुमटाची इमारत, पुढे महाराजांचा अश्वारूढ पुतळा असलेला ‘काळा घोडा’ चौक, आणि त्याला लागूनच विश्वामित्री नदीचा पूल. पुलापलीकडे १८७९ साली उभारलेला सयाजीबाग. गायकवाडांच्या राजवटीमुळे ह्या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत, म्हणून परक्या प्रांतात आल्यासारखे वाटत नाही. सकाळी आणि संध्याकाळी त्या पुलावरून पायी जाणे हा माझा नेम झाला, आणि पुलाखालच्या पाण्याकडे पाहता पाहता सेमिनरीत शिकलेले थोडेफार विज्ञान पुन्हा आठवू लागले.

ह्या शहरात दोन प्रकारचे पाणी भेटते. एक नळाचे. शहराच्या पूर्वेस सुमारे वीस किलोमीटरांवर आजवा येथे सयाजीराव महाराजांनी १८९० च्या सुमारास मातीचा लांबलचक बांध घालून मोठे सरोवर करविले. त्यापूर्वी बडोद्याची भिस्त विहिरींवर आणि तळ्यांवर होती. आजव्याचे पाणी उतारावरून आपल्याच वजनाने शहराकडे येते, आणि आजही शहराच्या काही भागांची तहान तेच भागविते. दुसरे पाणी विश्वामित्रीचे. ती पावागडच्या डोंगरात उगम पावते, शहराच्या मधून वळणे घेत जाते, पुढे ढाढर नदीस मिळते आणि खंबायतच्या आखातात समुद्राला भेटते. आजव्याचे सरोवर भरून वाहू लागले की तेथले जादा पाणीही विश्वामित्रीतच येते. म्हणजे मूळचे पाणी एकच. परंतु एक लोट्यात घेऊन आपण डोळे मिटून पितो, आणि दुसऱ्याकडे पाहताना नाकाला रुमाल लावतो. एकाच पाण्याच्या अशा दोन गती का व्हाव्यात? त्याचे उत्तर पाण्याच्या स्वभावातच आहे.

पाण्याचा सर्वांत लहान कण, ज्याला रेणू म्हणतात, तो हायड्रोजनचे दोन अणू आणि प्राणवायूचा एक अणू मिळून होतो. पाणी हे मूलतत्त्व नसून दोन वायूंचा संयोग आहे, हे १७८० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये कॅव्हेंडिश आणि फ्रान्समध्ये लाव्हाझिए ह्या शास्त्रज्ञांच्या प्रयोगांनी स्पष्ट झाले. हा रेणू फार हलका आहे. तुलनेसाठी पाहा: पाण्याच्या रेणूचा भार १८, हवेतल्या प्राणवायूच्या रेणूचा ३२, आणि आपण उच्छ्वासावाटे सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडचा ४४. हे दोन्ही भारी असून वायू आहेत. कुजलेल्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड हा तर पाण्याचा चुलतभाऊच. त्याचा भार ३४, तरी तो शून्याखाली ६० अंशांवरच उकळून वायू होतो. ह्या हिशेबाने पाणीदेखील वायूच असावयास हवे होते. मग ना नदी असती, ना समुद्र, ना अंगात रक्त.

तसे झाले नाही, कारण पाण्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात. रेणूची घडण वाकडी असते. तिच्या एका अंगाला किंचित ऋण आणि दुसऱ्या अंगाला किंचित धन विद्युत्भार असतो, आणि त्यामुळे एका रेणूची एक बाजू शेजारच्याच्या दुसऱ्या बाजूला ओढून घेते. जत्रेच्या गर्दीत घरची माणसे एकमेकांचा हात धरून चालतात. गर्दीच्या रेट्याने एखादा हात सुटला तर लगेच दुसरा धरतात. पाण्याचे तसेच आहे. ही पकड क्षणोक्षणी सुटते आणि क्षणोक्षणी पुन्हा जुळते. पाण्याचे बहुतेक सर्व गुण ह्या एका हात धरण्यातून निघाले आहेत.

पहिला गुण उष्णता सोसण्याचा. रेणूंची पकड सैल करण्यात पुष्कळ उष्णता खर्च होते, म्हणून पाणी लवकर तापत नाही आणि लवकर निवतही नाही. तेवढ्याच वजनाचे लोखंड तेवढ्याच अंशांनी तापवावयास पाण्याच्या सुमारे नवव्या हिश्श्याइतकी उष्णता पुरते. कोरड्या वाळूला पाचव्या हिश्श्याइतकी. आपल्या वसईच्या किनाऱ्यावर मे महिन्यात घाम पुष्कळ येतो, पण पारा सहसा ३५ अंशांच्या फार पुढे जात नाही. कारण शेजारी समुद्र आहे. बडोद्यास मात्र त्याच दिवसांत ४१-४२ अंशांचे ऊन असते. तेथे दुपारी मातीवर अनवाणी पाय टेकवत नाही, पण नदीचे पाणी तेवढे तापलेले नसते.

हे विश्वामित्रीतील मगरींना आपल्यापेक्षा चांगले कळते. होय, ह्या भर शहरातल्या नदीत शेकडो मगरी राहतात! मगरीला स्वतःच्या शरीरात पुरेशी ऊब निर्माण करता येत नाही. हिवाळ्यात ती काठावर ऊन खात पडून राहते, आणि उन्हाळ्यात दुपारी पाण्यात किंवा काठाच्या मातीतल्या बिळात शिरते. नदी ही तिची पांघरूणही आहे आणि सावलीही. आपण तर पांघरूण अंगातच घेऊन फिरतो. मोठ्या माणसाच्या वजनात सुमारे साठ टक्के पाणीच असते. शेतात उन्हात राबताना आणि पहाटेच्या थंडीत प्रवास करताना आपल्या शरीराची उष्णता जवळजवळ एकसारखी राखण्यास त्याचीही मदत होते.

दुसरा गुण पहिल्याचाच भाऊ. पाण्याची वाफ व्हावयाची तर रेणूंचे सगळेच हात सोडवावे लागतात, आणि त्यासाठी फार मोठी उष्णता लागते. अंगावरचा एक लिटर घाम सुकून गेला की तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर नेतो. ती अंगातच राहिली, तर साठ किलो वजनाच्या माणसाचे शरीर दहा अंशांहून अधिक तापेल. म्हणजे माणूस जगणार नाही. मातीच्या माठाचे मर्मही हेच. माठाला सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून पाणी झिरपते, बाहेर सुकते, आणि सुकताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. पावसाळ्यात हवा अगोदरच ओली असते, पाणी सुकत नाही, म्हणून माठही थंडावा देत नाही. बडोद्याच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र त्याच्या पाण्याला जी गोडी येते तिला तोड नाही.

तिसरा गुण वर चढण्याचा. पाणी उताराकडे धावते हे खरे. पण झाडात ते वर चढते. बडोद्याचे जुने नाव वटपद्र. वडाच्या झाडांवरून ते पडले असे सांगतात. सयाजीबागेत मोठमोठी झाडे आहेत. विहिरीवर पंप बसविलेल्या आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे की वर बसविलेला पंप पाणी ओढून घेतो तो फार तर दहा मीटरांपर्यंत, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी; त्याखाली पाणी गेले की पंप खाली उतरवावा लागतो. मग दहा मीटरांहून उंच झाडाच्या शेंड्याला पाणी कोण पोहोचविते? पानांतून पाण्याची वाफ होते तेव्हा जाणारा रेणू मागच्याला ओढतो, मागचा त्याच्या मागच्याला, आणि अशी ही साखळी शेंड्यापासून मुळापर्यंत न तुटता ताणली जाते. पंप नाही, वीज नाही. केवळ एकमेकांना धरून राहणे.

चौथा गुण ज्याने मला सर्वांत अधिक थक्क केले, तो सयाजीबागेतल्या संग्रहालयात पाहावयास मिळाला. तेथे निळ्या देवमाशाचा सांगाडा मांडून ठेवला आहे. लांबी ७० फुटांहून अधिक! १९४४ साली हा मासा मही नदीच्या मुखाशी वाहून आला होता. त्या हाडांसमोर मुले तोंडात बोट घालून उभी राहतात, आणि मोठी माणसेही. एवढा देह समुद्रात सहज फिरतो, कारण पाणी त्याला खालून उचलून धरते. स्वतःचे वजन त्याला जाणवतच नाही. तोच मासा किनाऱ्यावर अडकला की स्वतःच्याच भाराखाली दबतो, त्याला श्वास घेणे कठीण होते. आज जमिनीवर एवढा प्राणी कोठेही नाही, तो पाण्याने पोसला.

थंड देशांसाठी आणखी एक सोय आहे, ती थोडक्यात सांगतो. बहुतेक पदार्थ गोठले की जड होतात. पाणी मात्र गोठले की हलके होते. चार अंशांवर ते सर्वांत जड असते, त्याखाली पुन्हा हलके होऊ लागते. म्हणून सरोवरावर बर्फ वर तरंगतो आणि तळाशी मासे जिवंत राहतात. बर्फ बुडाला असता तर तळी खालून गोठत आली असती.

आता पाचव्या गुणाकडे येऊ. तो सर्वांत उपकारक आहे आणि सर्वांत धोक्याचाही. पाणी आपल्यात येईल ते सामावून घेते. मीठ, साखर, मातीतली खनिजे, हवेतला प्राणवायू, सारे त्यात विरघळते. रक्त हे अन्न वाहून नेते ते पाण्यात विरघळवूनच. मुळे जमिनीतून खनिजे घेतात तीही पाण्यावाटेच. हा गुण किती जीव वाचवू शकतो ह्याचे उदाहरण आपल्याच देशात घडले. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धकाळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनवीस ह्यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा पाण्यात मिसळून रोग्यांच्या नातलगांकरवी तेच पाजण्याचे ठरविले. शंभरांतील सुमारे तीस रोगी दगावत होते, ते प्रमाण चाराच्याही खाली आले. त्याचे कारण असे की आतड्याला मीठ आणि साखर एकत्र मिळाली म्हणजे ते दोन्ही लवकर शोषून घेते, आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शरीरात जाते. प्रत्येक घरातील आईने हे लक्षात ठेवावे: उकळून गार केलेले एक लिटर पाणी, त्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मुलाला जुलाब होत असतील तर डॉक्टरकडे नेईपर्यंत हे घोट घोट पाजीत राहावे. मीठ मात्र मापापेक्षा अधिक घालू नये.

परंतु पाणी सामावून घेताना औषध कोणते आणि विष कोणते हे पाहत नाही. मासे ज्यावर जगतात तो पाण्यातला प्राणवायू मुळातच थोडा असतो. एक लिटर हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम, तर एक लिटर स्वच्छ नदीच्या पाण्यात आपल्या हवामानात जेमतेम ८ मिलिग्रॅम. पाणी तापले की तोही कमी होतो. म्हणूनच उन्हाळ्यात तळ्यातले मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात. अशा पाण्यात सांडपाणी सोडले की ते कुजविणारे सूक्ष्म जंतू हा प्राणवायू वापरून टाकतात, आणि मासा पाण्यात असूनही गुदमरतो.

विश्वामित्रीचे दुखणे हेच. शहराचे सांडपाणी तिच्यात वर्षानुवर्षे मिसळत आले आहे. तेथे एक गृहस्थ मला म्हणाले, “फादर, एवढ्या मगरी राहतात, म्हणजे नदी तशी ठीकच असणार की!” हा तर्क वरवर पटण्याजोगा आहे, पण खरा नाही. मगर फुप्फुसाने हवेतून श्वास घेते. पाण्यातला प्राणवायू संपला तरी ती नाक वर काढून जगते. मागूर माशालाही हवेतून श्वास घेता येतो. नदीची प्रकृती पाहावयाची तर जे केवळ पाण्याच्या भरवशावर जगतात त्यांच्याकडे पाहावे. मगर वाचली म्हणून नदी वाचली असे होत नाही.

नदीने ह्याची आठवण एकदा फार कठोरपणे करून दिली. २०२४ च्या ऑगस्टच्या अखेरीस मुसळधार पाऊस झाला. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फुटांची. पाणी ३५ फुटांच्याही वर गेले. शहराचा मोठा भाग पाण्याखाली आला, आणि वस्त्यांतून सुमारे दोन डझन मगरी पकडून सुरक्षित ठिकाणी सोडाव्या लागल्या. सयाजीगंजातल्या एका मराठी आजींच्या तळमजल्याच्या घरात पाणी शिरले होते. मी विचारले, “आजी, फार नुकसान झालं असेल?” त्या म्हणाल्या, “सामानाचं झालं ते झालं, फादर. पाणी तिसऱ्या दिवशी उतरलं. पण ते काय काय घेऊन आलं होतं, ते घर झाडताना कळलं. तो वास महिनाभर गेला नाही बघा. शेजारच्या मुलांना जुलाब लागले ते वेगळंच.” पाण्याने स्वतःचे असे काहीच आणले नव्हते. शहराने जे त्याच्या स्वाधीन केले होते, तेच त्याने घरोघरी परत आणून दिले.

पुरात पाण्याचा आणखी एक स्वभाव दिसतो. हवा दाबून लहान जागेत भरता येते. पाणी तसे दबत नाही. एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी झाले. त्याला कोठेतरी जागा हवीच. विश्वामित्रीच्या दोन्ही काठांना कोतरे, म्हणजे ओघळींनी कोरलेल्या घळी, आणि आसपास सखल पाणथळ जागा होत्या. पुराचे पाणी तेथे पसरून विसावत असे. जेथे जेथे अशा जागा भराव घालून बुजविल्या गेल्या, तेथे पाण्याने घरांत जागा शोधली. २०२५ च्या उन्हाळ्यात नदीचे पात्र खोल व रुंद करण्याचे मोठे काम शहराने हाती घेतले. त्या कामाचे मोल आहेच. पण सांडपाणी नदीत येऊ न देणे आणि पाण्याच्या विसाव्याच्या जागा मोकळ्या ठेवणे ही दोन पथ्ये पाळली नाहीत तर नुसत्या खोदाईने रोग हटणार नाही.

वाचकहो, ही सारी हकीकत परगावची म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्या गावांकडे दृष्टी टाका. वसईत आपल्या वाडवडिलांनी घराशेजारी बावखले राखली. पावसाचे पाणी त्यांत साठे, जमिनीत मुरे, विहिरींना गोडे पाणी देई, आणि गोड्या पाण्याच्या त्या दाबामुळे समुद्राचे खारे पाणी मागे राही. आज बावखलात भराव टाकून जागेला भाव आलेला आपण पाहतो. भाव येतो तो एकदाच. विहिरीत मचूळपणा आला की तो पिढ्यान्‌पिढ्यांचा. जे पाणी सर्व काही सामावून घेते ते मीठही सामावून घेते, आणि एकदा विरघळलेले मीठ गाळून वेगळे होत नाही. शौचालयाचा खड्डा विहिरीला खेटून असेल तर त्यातले पाणीही विहिरीत येतेच. ते डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, आणि म्हणून अधिकच घातकी असते.

तेव्हा चार साध्या गोष्टी प्रत्येक घराने कराव्यात. विहीर आणि संडासाचा खड्डा ह्यांत भरपूर अंतर राखावे, आणि विहिरीचा कठडा उंच व पक्का ठेवावा. न्हाणीचे पाणी रस्त्यावर न सोडता शोषखड्ड्यात किंवा केळीच्या बुडाशी जिरवावे. बावखल, तळे, ओढा ह्यांत कचरा वा भराव टाकू नये, आणि कोणी टाकीत असेल तर गावाने मिळून त्याला समजावावे. पूर ओसरल्यावर पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. ह्यांपैकी कोणत्याही गोष्टीला फार पैसा लागत नाही. शेजाऱ्याची थोडी आठवण ठेवावी लागते.

ज्या पाण्याने आपण बालकांना स्नानसंस्कार देतो, ते कोठून वेगळे येत नाही. ते आपल्याच विहिरीतले, आपल्याच नळातले असते. पाणी उन्हातान्हात आपल्याला सांभाळते, झाडाच्या शेंड्यापर्यंत चढते, देवमाशाला उचलून धरते. पण नको म्हणणे हे त्याच्या स्वभावात नाही. जे द्याल ते ते घेते, आणि जे घेतले ते पुढच्याच्या ओंजळीत नेऊन घालते. म्हणून त्याच्या वतीने नको म्हणण्याचे काम आपल्याकडे आले आहे. आपल्या अंगणातून जे पाणी बाहेर जाते, ते पुढच्या गावच्या मुलाला पिता येईल असे असावे, एवढे प्रत्येक घराने मनाशी धरले तरी पुष्कळ झाले.